चेफालूला पहिल्यांदा जाताय? मग हे वाचा

अहो, इटलीतल्या सिसिली बेटावरचं हे समुद्रकाठचं गाव पालेर्मोहून (सिसिलीची राजधानी) एका दिवसात उरकू नका हो, तासाभराची ट्रेन आहे म्हणून सगळे तेच करतात आणि संध्याकाळचं चेफालू राहूनच जातं. निदान एक रात्र तरी काढाच.

सकाळी लवकर उठून आधी ला रोक्का चढा, साधारण 270 मीटर उंच खडक आहे, वाटेत डायना या रोमन देवीच्या नावाचं जुनं देऊळ लागतं, पण सावली फारशी नाही त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये दहानंतर अजिबात नको, पाणी भरपूर न्या आणि चपला नको बूटच घाला. आपल्याकडे गड चढलेल्यांना जड नाही.

कॅथेड्रल मात्र निवांत बघा. राजा रॉजर दुसरा याने 1131 मध्ये बांधायला घेतलं, आत सोनेरी मोझेकमधला ख्रिस्त आहे, राजा नॉर्मन (म्हणजे उत्तर फ्रान्सकडून आलेल्या घराण्यातला) पण कारागिरी बायझंटाईन (कॉन्स्टँटिनोपलच्या पूर्व रोमन साम्राज्याची), मी तर अर्धा तास नुसती मान वर करून उभी होते! खांदे झाकलेले हवेत, ओढणी जवळ ठेवा.

बीच वाळूचा, उथळ, मुलांना मस्त. गर्दी नको असेल तर जून किंवा सप्टेंबर बघा, पाणी तेव्हाही छान असतं.