वसतिगृहात खरूज पसरली आहे. ती कुणापासून सुरू झाली आणि कशी पसरतेय, याचा माग कसा ठेवायचा?

तुमच्या वसतिगृहातल्या मुलांना दोन महिन्यांपासून खरूज आहे, पहिला मुलगा कोण ते शोधायचंय आणि नोंदीसाठी एखादं अ‍ॅप किंवा एक्सेलचा नमुना हवाय, असं तुम्ही लिहिलंय. अ‍ॅपचं मला विचारू नका. हजेरीच्या वहीचं मागचं पान पुरतं. पण ‘पहिला मुलगा कोण’ हे वाचलं आणि राहवेना, म्हणून लिहितेय.

मी आरोग्यसेविका होते, नाशिक जिल्ह्याच्या डोंगराळ भागात. आमच्या उपकेंद्राच्या हद्दीत एक आश्रमशाळा होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली, आणि चौथीतली एक मुलगी इतरांपेक्षा आठवडाभर उशिरा आली. आईबाप वीटभट्टीवर, त्यांना सुट्टी कुठली? आल्यावर दोन-चार दिवसांतच ती परिपाठाच्या रांगेत उभ्या उभ्या खाजवायला लागली. मुख्याध्यापकांनी पाहिलं आणि निकाल लावला: भट्टीवरची घाण हिने आणली. बापाला निरोप गेला, त्याची मजुरी बुडाली, पोरीला घरी धाडलं. तिची गोधडी शाळेमागे नेऊन जाळली. मला बोलावलं ते हे सगळं झाल्यावर, आणि तेही ‘औषध वाटून जा’ म्हणून.

मी मुली तपासायला बसले. बोटांच्या बेचक्या, मनगटं, कंबर, बेंबीभोवती, काखा. काही मुलींच्या अंगावर पू होऊन वाळलेल्या खपल्या होत्या. ही दोन-चार दिवसांची गोष्ट नव्हे. आता हिशेब करा. खरूज आयुष्यात पहिल्यांदा होते तेव्हा तिचा बारीकसा किडा कातडीत शिरल्यापासून खाज सुटेपर्यंत चार ते सहा आठवडे जातात. एकदा होऊन गेलेली असेल तर दुसऱ्या वेळी एक ते तीन दिवसांत अंग पेटतं. या मुलींना आधी कधी खरूज झालेली नव्हती, म्हणजे त्यांना लागण दिवाळीच्या आधीच झालेली. उलट त्या चौथीतल्या मुलीला मागच्या पावसाळ्यात खरूज होऊन गेली होती, तिच्या आईनेच सांगितलं. म्हणून ती सगळ्यांत आधी खाजवताना दिसली. जिला सगळ्यांत शेवटी लागली तिच्याच माथी खापर.

हे मी मुख्याध्यापकांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, “सिस्टर, तुम्ही लसी टोचा, शाळा मी चालवतो.”

यादी मागितली तर इयत्तेप्रमाणे दिली. तिसरीत इतक्या, चौथीत इतक्या, पाचवीत इतक्या. त्यातून काय कळणार, कपाळ? हा किडा वर्गात बाकावरून बाकावर उड्या मारत नाही. त्याला उडता येत नाही, तो चालतो. कातडीला कातडी बराच वेळ लागून राहिली तरच सरकतो. लहान पोरांत असा वेळ बहुतेक रात्रीच मिळतो. म्हणून मी अधीक्षिकाबाईंना म्हटलं, इयत्ता सोडा, रात्री कोण कुणाशेजारी निजतं ते सांगा. त्यांनाही नीट सांगता येईना. थंडीत दोघी-तिघी एका पांघरुणात शिरतात, आणि कागदावरची जागा वेगळी, खरी जागा वेगळी. शेवटी संध्याकाळी जेवणानंतर मी स्वतः हॉलमध्ये जाऊन बसले, मुली आडव्या झाल्या तसा पाठकोऱ्या कागदावर आराखडा काढला आणि ज्यांना फोड होते त्यांच्यावर लाल खूण केली. सगळ्या लाल खुणा स्वयंपाकघराच्या बाजूच्या भिंतीला. त्या चौथीतल्या मुलीची जागा पार दाराशी होती.

स्वयंपाकघराकडे असं काय होतं? तिथल्या कामाठीबाईचं वर्षाचं पोर. सगळ्या मुलींचं लाडकं, दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या कडेवर, आणि संध्याकाळी त्या भिंतीच्या कोपऱ्यात मुलींच्या मांडीवरच झोपायचं. त्याच्या तळहाता-तळपायांवर पाणीदार फोड होते. मोठ्यांना तिथे सहसा दिसत नाहीत, तान्ह्यांना मात्र येतात. मग त्यांच्या खोलीवर गेले. म्हातारी आजी कोपऱ्यात बसलेली, हातांवर जाड, भेगाळलेल्या पांढरट खपल्या. सगळे म्हणायचे इसब आहे. मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावत होती. आमच्या डॉक्टरांनी खपली खरवडून तपासायला पाठवली. खरूज निघाली, खपल्यांची. साध्या खरजेत अख्ख्या अंगावर दहा-पंधरा किडे असतात, या प्रकारात हजारो, कधी लाखो. आणि अशा माणसाला खाज फारशी नसतेही, त्यामुळे कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. म्हातारी ना विद्यार्थिनी ना कर्मचारी, म्हणून कुठल्याच यादीत नव्हती.

म्हणून तुम्हाला माझं सांगणं: पहिला मुलगा शोधू नका. सापडणार नाही, आणि ‘सापडला’ तर बहुतेक चुकीचा सापडेल. झोपण्याच्या जागांचा आराखडा काढा, खरा, रात्री बघून. दर आठवड्याला त्याच आराखड्यावर नव्या खुणा करा. खाज मोजू नका, नवे फोड मोजा, कारण उपचार नीट झाला तरी खाज दोन ते चार आठवडे राहते आणि लोक घाबरून औषधाचा मारा करत बसतात. आणि यादीत स्वयंपाकी, वॉचमन, त्यांची पोरं, शनिवार-रविवारी घरी जाणाऱ्या मुलांची घरं, सगळी घ्या.

औषध एकाच रात्री सगळ्यांना, खाज असो वा नसो. ५ टक्के परमेथ्रिनचं मलम मानेपासून तळपायापर्यंत, नखांच्या खाली, बेंबीत, लाज वाटते तिथेही. रात्रभर ठेवायचं, आठवड्याने परत लावायचं. आज हा वर्ग, परवा तो वर्ग, असं केलंत तर वर्षभर लावत बसाल. फिजी बेटांवरच्या एका अभ्यासात पूर्ण वस्तीला आयव्हरमेक्टिन, म्हणजे खरजेचा किडा मारणारी गोळी, दिल्यावर खरजेचं प्रमाण वर्षभरात ३२ टक्क्यांवरून २ टक्क्यांच्या आत आलं. त्याचे निष्कर्ष २०१५ साली छापून आले. फक्त खाजवणाऱ्यांना औषध देऊन तसं होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली खरजेला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतलं. आम्ही कुष्ठरोगाच्या शोधमोहिमेत घर न घर पालथं घातलंय, पण खरजेसाठी दार वाजवायला मला कुणी कधी पाठवलं नाही.

आता ती जाळलेली गोधडी. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये शेफील्डला केनेथ मेलनबी नावाच्या शास्त्रज्ञाने हेच तपासलं होतं. खरजेच्या रुग्णांची न धुतलेली अंतर्वस्त्रं आणि ब्लँकेटं निरोगी स्वयंसेवकांना वापरायला दिली. लागण फार थोड्यांना झाली. रुग्णाशेजारी निजल्यावर मात्र झाली. पहिल्या वेळी खाज महिनाभराने सुटते आणि दुसऱ्या वेळी लगेच, हेही त्यांनीच दाखवून दिलं. हे आमच्या डॉक्टरांनी मला सांगितलं, तेव्हा मुख्याध्यापकांची बदली होऊन गेली होती, नाहीतर शाळेच्या फळ्यावर लिहून आले असते. ती मुलगी त्या वर्षी परत आलीच नाही. घाणीने खरूज होते म्हणणाऱ्यांनी एकदा सांगावं, दिवसातून दोनदा अंघोळ करणाऱ्या घरांत ती कशी शिरते.

आता जरा सांभाळून घ्यायच्या गोष्टी. खपल्यांच्या खरजेत गळालेल्या खपल्यांतून अंथरुणातूनही लागण होते, तिथे कपडे गरम पाण्यात धुवा किंवा पिशवीत आठवडाभर बांधून ठेवा. जाळायची गरज तिथेही नाही. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या १५ किलोच्या आतल्या मुलांना आणि गरोदर बायकांना देत नाहीत, त्या डॉक्टरांच्या हातूनच घ्या. पू झालेल्या पोरांचा चेहरा सुजला, लघवी लालसर झाली तर त्याच दिवशी दवाखाना, मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. आणि मेडिकलवाल्याची स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब फेकून द्या. तिने खाज दबते, किडा मजेत राहतो. गजकर्णालाही लोक तीच लावतात, त्यामुळे तुमच्याकडे दोन्ही एकत्र असतील तर एकदा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवाच.

तुमचं वसतिगृह मुलांचं आहे. रात्री तिथे आणखी कोण कोण झोपतं, ते आधी कळवा, मग पुढचं बोलू.