रोज रात्री साठ वेळा दिलेलं उत्तर

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि सात वर्षांपूर्वीचं आमचं घर डोळ्यांसमोर आलं. मुलगी नववीत, चार महिन्यांपासून बाथरूममध्ये दीड-दीड तास, वहीचं पान मनासारखं आलं नाही की फाडून पुन्हा पहिल्यापासून लिहिते, आणि झोपताना "आई, माझ्यामुळे बाबांना काही होणार नाही ना?" हेच विचारत राहते. सासूबाई म्हणतात, वयात येताना मुली अशा करतात. हे वयाचं आहे की आजार, आणि घरी काय करायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी डॉक्टर नाही. आमच्या मुलाचं हे तेराव्या वर्षी सुरू झालं, आज तो वीस वर्षांचा आहे, तेवढ्या अनुभवावर लिहिते.

टापटिपीची आवड असलेलं मूल आवरून झालं की खुशीत असतं. आमचा मुलगा हात धुताना रडायचा. बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या होत्या, साबण झोंबायचा, तरी हात नळाखालून निघायचा नाही. "मला थांबायचंय गं, थांबताच येत नाही," असं तो म्हणाला, तेव्हा हे वय नव्हे हे मला कळलं. अशा गोष्टींत दिवसाचा तासाहून जास्त वेळ जात असेल, शाळा, जेवण, झोप अडत असेल, तर वाट बघू नका. आजाराचं नाव ओसीडी, म्हणजे ऑब्सेसिव्ह कंपल्सिव्ह डिसऑर्डर. आपल्याकडे याला मंत्रचळ म्हणतात, पण तो शब्द आपण हसण्यावारी नेतो. त्यात सोवळ्या-ओवळ्याच्या घरात सारखे हात धुणारं मूल शहाणंच वाटतं. आमची दोन वर्षं अशीच गेली.

धुणं दिसतं, विचार दिसत नाहीत. माझ्या मुलाच्या मनात गणपतीच्या आरतीला उभं राहिलं की घाणेरडे शब्द यायचे. धाकट्या बहिणीला आपण गॅलरीतून ढकलतोय असं चित्र यायचं. म्हणून तो आरतीला येईना आणि गॅलरीचं दार लावून घेई. आम्ही म्हणायचो, उद्धट झालाय. असा नकोसा विचार कधी ना कधी बहुतेक सगळ्यांच्याच मनात येतो आणि निघूनही जातो. या मुलांच्या मनात तो अडकून बसतो, आणि तो खोडायला ती धुतात, मोजतात, पुन्हा पुन्हा विचारतात. तुमच्या मुलीचा बाबांबद्दलचा प्रश्न त्यातलाच वाटतो. खोदून विचारू नका. "नको ते विचार येतात म्हणून कुणी वाईट होत नाही, त्यांच्यावर उपचार असतात," एवढं एकदा शांतपणे सांगा. माझ्या मुलाला हे पहिल्यांदा डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तो खुर्चीतच ढसाढसा रडला.

आता तुमच्या घरातल्या रात्रीबद्दल. आमच्याकडे प्रश्न होता, "आई, मी दाराला हात लावला, छोटीला काही होणार नाही ना?" मी म्हणायचे, "नाही रे राजा." दोन मिनिटं शांतता, की पुन्हा तेच. एका रात्री मोजलं, साठ वेळा. प्रत्येक उत्तराने त्याला क्षणभर बरं वाटायचं, आणि म्हणूनच पुढचं उत्तर मागावंसं वाटायचं. खाज आणि खाजवणं यांचं जसं असतं तसंच. त्याच्यासाठी वेगळा टॉवेल, त्याने सांगितलेल्या क्रमाने कपडे वाळत घालणं, हे सगळं मी मायेपोटी करत होते आणि आजार वाढत होता.

हे समजल्यावर मी दुसरी चूक केली. एका रविवारी वैतागून टाकीचा कॉक बंद केला. पोरगा साबणाचे हात पुढे धरून दोन तास बाथरूमच्या फरशीवर बसला होता. पुढचा आठवडाभर तो माझ्याशी बोलला नाही, आणि धुणं वाढलंच. म्हणून कळकळीने सांगते, एकदम काहीही तोडू नका. काय कमी करायचं ते मुलीशी बोलून, तिच्या संमतीने ठरवा.

आमच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याच्याकडूनच भीतीच्या पायऱ्या लिहून घेतल्या. सगळ्यात खालची होती, दाराची कडी धरायची आणि पाच मिनिटं हात धुवायचे नाहीत. पहिल्या दिवशी तो घामाने भिजला. धुतलं नाही तरी भीती आपोआप उतरते, हे त्याच्या शरीराला कळायला बरेच दिवस लागले. मग दहा मिनिटं, मग बूट, शेवटी गॅलरी. माझं वाक्यही ठरलं होतं, "हा ओसीडीचा प्रश्न आहे, मी उत्तर देणार नाही, पण तुझ्याजवळ बसते." या उपचाराला ईआरपी (एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन) म्हणतात. समुपदेशनाच्या गप्पा वेगळ्या आणि हे वेगळं, त्यामुळे जाल तिथे ईआरपी करतात का, हे आधी विचारून घ्या.

औषधाचं भय मलाही होतं. २००४ साली अमेरिकेत ७ ते १७ वयाच्या ११२ मुलांचा १२ आठवड्यांचा अभ्यास झाला. त्यात याच धर्तीची थेरपी आणि सर्ट्रालिन नावाची गोळी दोन्ही मिळालेल्यांपैकी निम्म्याहून थोडी जास्त मुलं जवळजवळ लक्षणमुक्त झाली, नुसत्या गोळीवर साधारण पाचातलं एक. थेरपी सोडून नुसत्या गोळीवर विसंबू नका, आणि डॉक्टर म्हणाले तर गोळीला नाहीही म्हणू नका. परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, आम्ही तिसऱ्याच आठवड्यात बंद करायला निघालो होतो. सुरुवातीच्या दिवसांत मुलीची बेचैनी वाढली किंवा जीव नकोसा झाल्याचं ती बोलली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. आणि हे सगळं घसादुखी-तापानंतर अचानक, बघता बघता एक-दोन दिवसांतच उफाळून आलं असेल तर तेही आवर्जून सांगा.

खासगी डॉक्टर परवडत नसतील तर सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मानसोपचार ओपीडी असते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेत ओसीडीचं स्वतंत्र क्लिनिक आहे. सासूबाईंनाही एकदा डॉक्टरांकडे सोबत न्या, आमच्याकडे आजीचं "कशाला गोळ्या देता पोराला" त्यानंतरच थांबलं.

दहावीच्या पूर्वपरीक्षेच्या वेळी मुलाचं सगळं परत आलं होतं. उत्तरपत्रिकेत तीच ओळ गिरवून कागद फाटला होता. पण तेव्हा पायऱ्या माहीत होत्या, महिन्या-दीड महिन्यात सावरला. आजही ताण आला की कडी दोनदा तपासतो, मग स्वतःच ओळखून निघून जातो.

आज रात्री काहीच बदलू नका, उत्तर देत असाल तर द्या. फक्त एका वहीत लिहून ठेवा, किती वेळा विचारलं, बाथरूममध्ये किती मिनिटं गेली, त्यात तुम्ही काय काय करून दिलंत. आठवडाभराची ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि काय म्हणाले ते मला कळवा.