कातडीतलं जनुक, अंगावरची चरबी आणि बारावीनंतरचा रस्ता

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे, गणित घेतलेलं नाही. कातडीतल्या जनुकामुळे लठ्ठपणा कमी-जास्त होतो असं वाचल्यापासून ती यातच संशोधन करायचं म्हणते. आमची कोरडवाहू शेती. नीट पुन्हा द्यावी की बीएस्सी बायोटेक करावं?
– एक पालक, दारव्हा तालुका

भाऊ, नमस्कार.

पोरीनं वाचलं ते खरं आहे. एससीडी-१ हे जनुक मेदाम्लांची (फॅटी ॲसिडची) घडण बदलणारं विकर (एन्झाइम) बनवतं. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स न्टाम्बी यांच्या गटानं उंदरांच्या फक्त कातडीतलं हे जनुक बंद केलं. निष्कर्ष २००९ मध्ये आले. भरपूर चरबीचं खाणं देऊनही ते उंदीर लठ्ठ झाले नाहीत. तैलग्रंथी बिघडल्यानं उष्णता बाहेर जायची, मग खाल्लेलं अंग ऊबदार ठेवण्यातच खर्ची पडायचं. मात्र प्रयोगशाळेची २२ अंशांची खोली उंदराला थंडच असते आणि माणूस कपडे घालतो, म्हणून हा शोध म्हणजे माणसाच्या लठ्ठपणावरचं औषध नव्हे. हा फरक तिला आत्ताच समजावून सांगा.

रुग्ण तपासायची ओढ असेल तरच नीट पुन्हा द्यावी. लठ्ठपणाच्या जनुकांवर संशोधनच करायचं तर त्यात वर्ष घालवू नका.

पहिली पसंती आयसर या केंद्राच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांचा पाच वर्षांचा बीएस-एमएस. त्याची प्रवेश परीक्षा म्हणजे आयएटी : ६० प्रश्न, तीन तास, चार विषयांचे १५-१५, बरोबरला ४ गुण, चुकलं की १ वजा. गणित न घेतलेल्यांनाही बसता येतं, पण गणिताचे ६० गुण पेपरात असतातच. रोज तासभर अकरावीचं गणित केलं तर त्यातले काही तरी हाती लागतील.

ते जमलं नाही तर अमरावती किंवा नागपूरला बीएस्सी. इथं पुष्कळ मुलं फसतात. 'बायोटेक' नाव भारी वाटतं, पण वर्षाला ८० हजारांच्या इन्स्पायर शिष्यवृत्तीच्या विषययादीत बायोटेक्नॉलॉजी नाही. बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायॉलॉजी, प्राणिशास्त्र आहे. बोर्डात वरच्या एक टक्क्यात येण्याइतके गुण असतील तर हे बघूनच विषय घ्या. माझं मत बायोकेमिस्ट्रीला.

कॉलेज निवडताना इमारत पाहू नका, पेशी वाढवायची खोली चालू आहे का ते विचारा. या क्षेत्रात उंदराच्या ३टी३-एल१ पेशींपासून चरबीच्या पेशी तयार करतात. बशीत पेशींचा थर पूर्ण भरला की दोन दिवस थांबून इन्सुलिन, डेक्सामेथासोन आणि आयबीएमएक्स ही द्रव्यं घालायची. आठ-दहा दिवसांत तेलाचे थेंब दिसतात, ते ऑइल रेड ओ रंगानं लाल होतात. पण आधीच्या फेऱ्यांत पेशी पुनःपुन्हा दाटू दिल्या तर त्या चरबी धरतच नाहीत आणि महिनाभराची मेहनत वाया जाते. कोणतं जनुक चालू, कोणतं बंद, हे पेशीतला आरएनए (जनुकाची नक्कल) काढून तपासतात. हातमोजा न घालता काम केलं तर बोटांवरच्या विकरानंच आरएनए तुटतो. अशी शिस्त हातानं काम करूनच येते.

एमएस्सीनंतर सीएसआयआर-नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली की पीएचडीत पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार आणि वर घरभाडं. तोवरचा खर्च हाच खरा ताण. ओबीसीत येत असाल तर नागपूरच्या महाज्योती या राज्याच्या संस्थेच्या योजना पाहा. आणि आयसरसाठी नॉन-क्रीमी लेयर दाखला केंद्राच्या नमुन्यातच लागतो, राज्याचा चालत नाही. सेतू केंद्रात अर्ज देतानाच तसं सांगा.