नर्सचं रोजचं काम नेमकं काय असतं? इंजेक्शन, सलाईन आणि बेडपॅन, एवढंच का?

तुमची मुलगी बारावीनंतर नर्सिंगला जायचं म्हणतेय आणि घरचे म्हणतायत, "लोकांची घाण काढायला कशाला पाठवता?" मी सरकारी रुग्णालयातून रिटायर झालेली इनचार्ज सिस्टर. मेडिसिन वॉर्ड आणि आयसीयूत बरीच वर्षं काढली, म्हणून लिहिते.

घाण काढावी लागते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मावशी दुसऱ्या टोकाला असल्या की हातमोजे चढवून आपणच. पहिल्या वर्षी पोरी नाक मुरडतात. पुढे त्याच पोरी बेडपॅनकडे बघून सांगतात, "सिस्टर, डांबरासारखी काळी आणि चिकट झालीय, सरांना कळवू का?" पोटात वरच्या बाजूला रक्तस्राव असला की शौचाला असं होतं. लोहाच्या गोळ्यांनीही काळी होते, पण तिला तो वास नसतो. एकदा नाकात बसला की तो वास विसरत नाही.

इंजेक्शन द्यायला कुणीही शिकतं. अवघड आहे ते बघणं. राउंडला डॉक्टर पेशंटपाशी पाच मिनिटं थांबतात, आपण आख्खी ड्यूटी तिथेच असतो. कुठल्याही वॉर्डातला टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वास लिहायचा तक्ता) उघडा, श्वासाच्या रकान्यात ओळीने २०, २०, २० लिहिलेलं सापडेल. मोजतं कोण? पूर्ण मिनिटभर उभं राहावं लागतं ना! आम्हाला जुन्या सिस्टरांनी शिकवलं होतं की नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही, धरून ठेवायचं आणि नजर छातीवर. आपण श्वास मोजतोय हे कळलं की पेशंट वेगळाच श्वास घ्यायला लागतो.

न्यूमोनियाचे एक आजोबा होते. ताप उतरलेला, बीपी चांगलं, पण वाक्य एका दमात पुरं होईना. "सिस्टर" म्हणून थांबायचे, मग "पाणी". श्वास मोजला तर मिनिटाला ३४. नाईटच्या रेसिडेंट डॉक्टरला उठवलं. कुरकुरला, पण आला, आणि उजाडायच्या आत आजोबा आयसीयूत होते. बीपी पुष्कळदा शेवटी पडतं, श्वास आधीच सांगून जातो.

दुसरं काम बॅक केअरचं, म्हणजे पडून राहून अंगाला जखमा (बेडसोर) होऊ न देण्याचं. ते नीट झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीला सुरकुती ठेवायची नाही, माकडहाड, खुबे, टाचा रोज उघडून बघायच्या. लाल दिसलं तर बोटाने दाबायचं. पांढरं पडून परत लाल झालं तर अजून वेळ हातात आहे. दाबूनही लालच राहिलं तर इजा सुरू झालीय. तिथे चोळायचं अजिबात नाही (नातेवाईक हमखास तेल लावून चोळतात, आणि आपण रागावलो की त्यांना वाईट वाटतं).

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्स अरुणा शानबाग १९७३ मध्ये त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर २०१५ मध्ये जाईपर्यंत अंथरुणातच होत्या. तिथल्या सिस्टरांच्या पिढ्या बदलल्या, पण त्यांनी अरुणाला बेडसोर होऊ दिला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात या सिस्टरांचं मनापासून कौतुक केलं. बाहेरच्यांना ती फक्त माया वाटते. मला त्यात दर दोन तासांनी वळवणारे हात दिसतात, नाईटला, दिवाळीला, संपाच्या दिवसांतसुद्धा.

आता खटकणारं. नाईटला भरलेला वॉर्ड आणि सिस्टर एक, हे मी कायम बघितलं. अशा वेळी दोन तासांचं वेळापत्रक कागदावरच राहतं. वर रजिस्टरं भरायची ती वेगळीच. खाजगीत नव्या मुलींना पगार फार कमी देतात, हेही मुलीला आधीच सांगून ठेवा. पाठ आणि पाय दुखतात ते सगळ्यांचेच.

तिला मनापासून जायचं असेल तर अडवू नका. बीएस्सी चार वर्षांचं, त्याला सीईटी असते. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, हा डिप्लोमा) तीन वर्षांचं. फी विचारायच्या आधी कॉलेजला इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का ते तपासा. मग त्यांचं हॉस्पिटल कुठे आहे ते विचारा आणि न सांगता एखाद्या संध्याकाळी तिथे चक्कर मारा. खाटा रिकाम्या दिसल्या तर दुसरं कॉलेज बघा. पेशंटच नसतील तर पोरगी शिकणार कुणाकडून?