पाणबुडीवर कोणाला जायचंय?

(पत्राचा सारांश : आम्ही अलिबाग तालुक्यातले. मुलगा बारावी सायन्सला. दहावीला ८१ टक्के होते, अकरावीत ५८ वर आला. त्याला 'खांदेरी'सारख्या पाणबुडीवर अधिकारी करायचं आम्ही ठरवलंय आणि 'सबमरीन बॅच'चा क्लासही लावलाय. पण डिझेलच्या पाणबुड्या जुनाट असतात असं ऐकलं. मग त्याला थेट अणुपाणबुडीवर कसं पाठवता येईल? — एक वडील)

नमस्कार,

तुमचं चार पानांचं पत्र दोनदा वाचलं. 'कलवरी' वर्गातल्या ('खांदेरी' त्यातलीच) सहाही डिझेल पाणबुड्यांची नावं तुम्ही क्रमाने लिहिलीत. मुलाबद्दल मात्र दोनच वाक्यं सापडली. तो रविवारभर मामाच्या होडीचं इंजिन खोलून बसतो आणि वेळ फुकट घालवतो, हे एक. आणि बंद जागेत आपला जीव घुसमटतो असं तो आईला म्हणाला, 'पण हे सगळे तिचे लाड', हे दुसरं.

अकरावीचे ५८ टक्के राहू द्यात बाजूला, मला हे दुसरं वाक्य खटकलं. कलवरी वर्गाची पाणबुडी जेमतेम ६७.५ मीटर लांब. इंजिनं, बॅटऱ्या, टॉर्पेडो यांनी जागा व्यापल्यावर जे उरतं त्यात चाळीसेक माणसं राहतात. ऊन नाही, खिडकी नाही, मनात आलं म्हणून घरी फोन नाही. म्हणून तर नौदल या शाखेसाठी स्वतःहून पुढे येणारी माणसं घेतं. नौदल ज्याला 'तुझी तयारी आहे का?' असं विचारतं, त्याला घरात कोणीच विचारलेलं नाही. डोळ्यांच्या तपासणीत तुमची स्वतःची संधी हुकली, हे वाचून वाईट वाटलं. पण ती भरपाई सतरा वर्षांच्या पोराकडून वसूल करू नका. आणि त्याची आई लाड करत नाहीये, तिला ऐकू आलंय.

'सबमरीन बॅच' हा प्रकार क्लासवाल्यांच्या डोक्यातून निघालाय. अशी परीक्षाच नाही. अधिकारी व्हायचं तर एनडीए, किंवा जेईई मेनवरून नौदलाची बी.टेक. योजना, खलाशी म्हणून अग्निवीर. पाणबुडी त्यानंतर येते : विशाखापट्टणमला आयएनएस सातवाहन या नौदलाच्या पाणबुडी-शाळेत प्रशिक्षण, मग प्रत्यक्ष पाणबुडीवर शिकून परीक्षा, आणि तेव्हा कुठे छातीवर डॉल्फिनचा बिल्ला लागतो.

आता डिझेल. धूर सोडत पाण्याखालून निघालेली एसटी तुमच्या डोळ्यांसमोर असावी! डिझेल इंजिनं जनित्र फिरवून बॅटऱ्या भरतात. त्यांना हवा लागते, म्हणून तेवढ्यापुरतं पृष्ठभागाजवळ येऊन स्नॉर्केलची नळी वर काढायची. खोल गेल्यावर सगळं बॅटरीवर. विजेची मोटर पंखा फिरवते आणि आवाज जवळपास होतच नाही. अणुभट्टी थंड ठेवायला पंप लागतात, टर्बाइन फिरत असतं. म्हणून गुपचूप दबा धरायच्या कामात बॅटरीवरची पाणबुडी अनेकदा सरस ठरते. अणुपाणबुडीची ताकद वेगळी, तिला हवेसाठी वर यावंच लागत नाही. ही उणीव कमी करायला आपल्या अंबरनाथच्या संरक्षण प्रयोगशाळेने इंधनघटावर (फ्युएल सेलवर) चालणारी एआयपी, म्हणजे बाहेरच्या हवेशिवाय वीज देणारी यंत्रणा विकसित केलीय. आणि जुनाट म्हणाल, तर या वर्गातली सहावी 'वागशीर' नौदलात आली जानेवारी २०२५ मध्ये. शिवाय कोणी कुठल्या पाणबुडीवर जायचं, ते नौदल ठरवतं. पालकांची पसंती तिथे चालत नाही.

आता ते 'फुकट' रविवार. सतरा वर्षांचा मुलगा डिझेल इंजिन खोलतो आणि पुन्हा जोडतो (जोडतो ना? हे तुम्ही लिहिलं नाहीत), हे तुमच्या पत्रातलं एकमेव आशादायक वाक्य आहे. या सहाही पाणबुड्या तुमच्यापासून खाडीपलीकडे, मुंबईच्या माझगाव डॉक या जहाजबांधणी कारखान्यात बांधल्या गेल्या. फ्रेंच आराखडा असला, तरी पोलाद जोडणारे, नळ्या बसवणारे, इंजिनं लावणारे हात इथले. तिथे शिकाऊ उमेदवार घेतात, आयटीआयवाल्यांनाही. इंजिनिअरिंगच करायचं असेल तर मेकॅनिकल आहे, कोचीनच्या विद्यापीठात जहाजबांधणीची पदवी आहे. पण हे वाचून उद्या लगेच 'चल, आता माझगाव डॉक' असं त्याला सांगू नका. एखाद्या रविवारी मामाच्या होडीवर जा, पाना हातात द्यायचं काम करा आणि बोलू नका.

क्लासचा दुसरा हप्ता पुढच्या महिन्यात आहे म्हणता. तो सध्या भरू नका.