ओसीआय कार्डावर भारताचे गोलरक्षण करता येत नाही

नमस्कार. आपला १६ वर्षांचा मुलगा कॅल्गरीत गोलरक्षण करतो, त्याच्याजवळ कॅनडाचा पासपोर्ट आणि ओसीआय (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’) कार्ड आहे, तर त्याने भारतीय आइस हॉकी संघासाठी प्रयत्न करावा का, असे आपण विचारले आहे. काही वर्षांपूर्वी मुलीसाठी मी हाच प्रश्न घेऊन फिरत होतो. मी वकील नाही, आणि नियम बदलत असतात, एवढे आधीच सांगतो.

आइस हॉकीत छोट्या मानल्या जाणाऱ्या संघाचा मोह गोलरक्षकाच्याच घरी का होतो, हे मला ठाऊक आहे. जागतिक स्पर्धेला २२ खेळाडूंबरोबर फार तर ३ गोलरक्षक नेता येतात आणि जाळ्यासमोर एकच उभा राहतो. राखीव गोलरक्षक बहुतेक वेळा बाकाचे दार उघडण्याच्या कामी येतो.

एका कार्यालयातून, ज्याचे नाव घेत नाही, मला फोनवर सांगण्यात आले की ओसीआय असल्यास काही अडचण नाही. ते मी लेखी मागितले नाही, ही माझी चूक. त्या एका वाक्यावर विसंबून आम्ही मुलीची इथल्या संघातली जागा सोडली आणि हिवाळाभर भारतीय आइस हॉकीसाठी लडाखमधल्या लेहमध्ये राहिलो. तिथल्या माणसांनी तिला आपली मानले, त्यांच्याविषयी तक्रार नाही. पण निवडीच्या वेळी पासपोर्टची प्रत मागितली गेली तेव्हा कळले, की ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे, आणि २००८ पासूनच्या सरकारी धोरणानुसार भारतीय पासपोर्टधारकच देशाकडून खेळू शकतो. आंतरराष्ट्रीय महासंघालाही नागरिकत्वच लागते. त्या कार्यालयाला पुन्हा फोन केला, तर असे कोणी सांगितलेच नसेल, हे उत्तर मिळाले! परत आलो तोवर तिची जागा भरली होती.

मार्ग एकच आहे, परदेशी नागरिकत्व सोडून भारतीय नागरिक होण्याचा, आणि तो फुटबॉलपटू अराता इझुमीने जपानचे नागरिकत्व सोडून पत्करला. आपल्या मुलाला अठरा पूर्ण होईपर्यंत कॅनडाचे नागरिकत्व सोडताही येणार नाही. शिवाय ओसीआयधारकाला भारतीय नागरिकत्वासाठी साधारणपणे पाच वर्षांची नोंदणी आणि वर्षभराचे भारतातले वास्तव्य लागते.

माझे मत विचाराल, तर या वयात हा विचार नको. गोलरक्षक उशिरा पिकतात. अमेरिकन गोलरक्षक टिम थॉमस फिनलंडमध्ये खेळून २८व्या वर्षी एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या अव्वल आइस हॉकी लीगमध्ये उतरला आणि अमेरिकेच्या ऑलिंपिक संघात २०१० साली, पस्तिशीत, होता. लेहला जायचेच असेल, तर नाताळच्या सुट्टीत जाऊन यावे, पण इथली जागा सोडू नये.