रोज एक शब्द, रोज एक खगोलचित्र: सुट्टीत हे टिकतं का?

तुम्ही विचारलंय, की डिसेंबरच्या सुट्टीत रोज एक नवा शब्द शिकायचा आणि रोज एक खगोलचित्र बघायचं ठरवलंय, पण हे टिकवायचं कसं? मी हा खटाटोप दोनदा केलाय. पहिल्यांदा सपशेल आपटलो, म्हणून सांगण्यासारखं थोडं आहे.

पहिल्या वर्षी शब्दांची यादी आधीच काढून ठेवली होती. शब्द चांगले भारदस्त, पण चित्रांशी काडीचा संबंध नाही. नवव्या दिवशी वही बंद पडली आणि त्या यादीतला एकही शब्द आज आठवत नाही. दुसऱ्या वर्षी यादी केलीच नाही. आधी चित्र उघडायचं आणि ते बघताना जिथे जीभ अडेल, तो त्या दिवसाचा शब्द.

चित्रांची अडचण नाही. नासाचं ‘रोजचं खगोलचित्र’ (Astronomy Picture of the Day) हे संकेतस्थळ 16 जून 1995 पासून चालू आहे. रॉबर्ट नेमिरॉफ आणि जेरी बॉनेल या दोन खगोलशास्त्रज्ञांनी ते सुरू केलं. जुनी चित्रंही तिथेच सापडतात, त्यामुळे आजचं नाही भावलं तर मागचं एखादं घ्या. फक्त खालचा मजकूर वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर त्याचा नुसता वॉलपेपर होतो.

आता शब्द कसा सापडतो ते सांगतो. एके दिवशी घोड्याच्या डोक्याच्या आकाराचा तो प्रसिद्ध ढग समोर आला. मृग नक्षत्रातला, सुमारे 1,400 प्रकाशवर्षं दूर. अवकाशातल्या अशा वायू-धुळीच्या ढगाला मराठीत तेजोमेघ म्हणतात, म्हणून वहीत लिहायला घेतलं, ‘काळा तेजोमेघ’, आणि हात थांबला. काळा आणि तेजो? हा ढग स्वतः उजळत नाहीच. मागे हायड्रोजन वायू लालसर चमकतोय आणि पुढची दाट धूळ तो प्रकाश अडवते, म्हणून घोडा दिसतो. म्हणजे आपल्याला दिसते ती सावलीसारखी आकृती. मग मराठीत दुसरा शब्द आहे का म्हणून शोधलं, तर ‘अभ्रिका’ सापडला. अभ्र म्हणजे ढग, अभ्रिका म्हणजे छोटा ढग. तेजाचा दावाच नाही! तेव्हापासून उजळ असेल तर तेजोमेघ आणि काळा असेल तर अभ्रिका, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलंय. तज्ज्ञांनी हसावं खुशाल.

21-22 डिसेंबरच्या आसपास सूर्याचं चित्र आलं तर सोडू नका. वर्षभर ठरावीक दिवसांनी, घड्याळात तीच वेळ साधून, एकाच जागेवरून सूर्याचे फोटो काढले आणि एकत्र केले, की आकाशात बारीक 8 चा आकडा उमटतो. पृथ्वीचा आस 23.4 अंशांनी कललेला आहे आणि तिची कक्षा थोडी लंबवर्तुळाकार आहे, या दोन्हींचा तो परिणाम. त्या आकड्याच्या दोन टोकांना सूर्य उत्तर-दक्षिण सरकायचा जवळजवळ थांबतो. या थांबण्याला मराठीत शब्द आहे विष्टंभ. स्तंभ या धातूवरून आलेला, म्हणजे अडणं, थबकणं. इंग्रजी ‘सॉल्स्टिस’च्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दातही ‘सूर्य थांबणं’ हाच अर्थ. गंमत अशी, की आयुर्वेदात विष्टंभ म्हणजे पोट अडणं. हे कळल्यावर हा शब्द विसरणं मला तरी शक्य झालेलं नाही.

24 डिसेंबरला नवं चित्र बाजूला ठेवा आणि 1968 साली त्याच तारखेला अपोलो 8 मधून बिल अँडर्स यांनी टिपलेला फोटो बघा: चंद्राच्या क्षितिजावर वर येणारी पृथ्वी. त्या दिवशीचा शब्द ‘उदय’. सोपा वाटतो ना? पण चंद्राची एकच बाजू कायम आपल्याकडे असते, त्यामुळे त्याच्या बहुतेक भागांवरून पृथ्वी उगवतही नाही आणि मावळतही नाही. फोटोतला उदय झाला, कारण यान चंद्राभोवती फिरत होतं.

रंगांवरून मात्र निराश होऊ नका. अनेक चित्रांत गंधक, हायड्रोजन, ऑक्सिजन यांच्या प्रकाशाला लाल, हिरवा, निळा असे रंग नेमून दिलेले असतात. दुर्बिणीला डोळा लावला तर बहुधा राखाडी धूसर ठिपकाच दिसेल.

एखादा दिवस चुकला तर चुकला. दुसऱ्या दिवशी दोन शब्द करायला जाऊ नका, माझी पहिली वही बंद पडायला तेही एक कारण होतं. त्यापेक्षा रात्री बाहेर या. डिसेंबरात मृग रात्रभर आकाशात असतो. ओळीतले तीन तारे सहज सापडतील. त्यांतल्या सर्वांत पूर्वेकडच्या ताऱ्याला अगदी खेटून ती घोड्याची अभ्रिका आहे. नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही, पण जागा कळेल.